गर्दी परतली, येणंजाणं राहिलं

खडकीची थंडी पुण्याच्या थंडीपेक्षा एका स्वेटरने जास्त असते, असं आम्ही खडकीकर बाहेरच्यांना ऐकवत आलो आहोत. त्यात थोडी बढाई आहे, थोडं तथ्यही आहे. एका अंगाला मुळा नदी, भोवती लष्कराच्या मोकळ्या जागा, जुनी झाडं. पहाटेचं धुकं इथून उठायला वेळ घेतं. अशा पहाटे गल्लीतला पहिला आवाज खोकल्याचा असायचा. कोण खोकतंय हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगता यायचं. कोरोनाच्या साथीतल्या, २०२० च्या डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला तरी गल्ली गप्प होती. लोक खोकत नव्हते असं नाही. उशीत तोंड खुपसून खोकत होते. बाजारात कुणाला ठसका लागलाच, तर तो आधी हात वर करून "काही नाही, मिरची लागली" असा खुलासा करायचा आणि मग पाणी प्यायचा. साधी सर्दी होण्याची सोयच त्या हिवाळ्यात उरली नव्हती.

थंडीचा पेहरावही बदलला. आमच्या गल्लीतले एक काका, अख्खी नोकरी अॅम्युनिशन फॅक्टरीत काढलेले, सकाळी फिरायला निघत तेव्हा त्यांच्या कानांवर चार गोष्टी असत: चष्म्याची काडी, श्रवणयंत्र, मास्कची दोरी आणि वरून कानटोपी. काढायचा क्रम चुकला की दोरीबरोबर यंत्र उडायचं. एके दिवशी ते रस्त्याकडेच्या पाचोळ्यात पडलं. शेजारीपाजारी वाकून शोधत होते, आणि ज्यांना काही ऐकूच येत नव्हतं ते काका मधोमध उभे राहून सगळ्यांना "अंतर ठेवा, अंतर ठेवा" बजावत होते. यंत्र सापडलं. ते कानात बसवून काकांनी पहिला प्रश्न विचारला, "सॅनिटाइज केलं का?"

१८६९ सालापासूनच्या त्या कारखान्याच्या वेळांवर खडकीचं घड्याळ चालत आलं आहे. टाळेबंदीत थांबलेला सायकली आणि स्कूटरींचा सकाळचा लोंढा तोवर पुन्हा वाहू लागला होता. फरक इतकाच, की दारूगोळा बनवायला निघालेल्या माणसाच्या कपाळाला गेटवर ताप मोजायची बंदूक लागे. घराघरांत काढा, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या आणि झोपताना वाफ हे जेवणाइतकं ठरून गेलं होतं. छापील पेपर वाचणं हीही तोवर परत आलेली सवय होती. २०२० च्या एप्रिलमध्ये पेपराला अनेकांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. काही जण पेपर उन्हात वाळवत, काही त्यावर इस्त्री फिरवून मग वाचत.

नियम कुणाचा पाळायचा, हा खडकीकरांचा आणखी एक प्रश्न. बाजार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, बोपोडीत पाऊल टाकलं की पुणे महापालिका आणि हॅरिस पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड. दळण, औषध आणि बहिणीची विचारपूस अशा एका फेरीत माणूस तीन राज्यकारभार फिरून येतो. २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली, तेव्हा आमच्याकडे पहिली चर्चा झाली ती "आपण त्यात येतो का?" हीच. चर्चा संपेपर्यंत संचारबंदीचा शेवटचा दिवस, ५ जानेवारी, उजाडला. नाताळची मध्यरात्रीची प्रार्थना मात्र तोवर संध्याकाळकडे सरकली होती आणि चर्चबाहेरचा घोळका दरवर्षीच्या मानाने अगदीच विरळ होता.

ही सगळी तडजोड लोकांनी फारशी कुरकुर न करता केली, हे आधी मान्य करू. आषाढात तुकोबांची पालखी खडकीतून जाते. २०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि रस्त्याच्या कडेला पाण्याची पिंपं, केळी घेऊन उभं राहायला कुणी आलं नाही. गणपती घरच्या घरी विसर्जित झाले. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव झाला नाही. पुणेकरांनी हे सोसलं.

पण दिवाळीपासून चित्र पालटलं. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला देवळं उघडली. तुळशीची लग्नं लागली आणि माणसांची सुरू झाली. कागदावर पन्नास पाहुणे, मांडवात किती ते वाढप्यालाच ठाऊक. २०२१ च्या १५ जानेवारीला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. त्याआधी गावोगावच्या प्रचारफेऱ्या आपण टीव्हीवर पाहिल्या. संक्रांतीच्या आधी खडकी बाजारात तीळ आणि गूळ घ्यायला गेले, तर दुकानाच्या पायरीवर खांद्याला खांदा लागत होता. अंतरासाठी रंगवलेले पांढरे गोल पायांखाली पुसत आले होते. गर्दी परतली होती. तिला आवतण द्यावं लागलं नव्हतं.

परतलं नव्हतं ते येणंजाणं. उगीच डोकावणं, "काय चाललंय" म्हणत पायरीवर टेकणं, वाटीभर भाजी देण्याच्या निमित्ताने पाऊण तास बोलणं. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू एकट्या राहतात. मुलगा बंगळुरूला, मुलगी परदेशात. त्यांची व्यवस्था कुणी नावं ठेवू नयेत अशी होती. किराणा ॲपवरून येई, औषधं दुकानदार पाठवी, रविवारी नातवंडं व्हिडिओवर दिसत, ऑक्सिमीटर उशाशी होता. दळणाचा डबा परत करायला गेले, तर त्या फाटकाच्या आतून म्हणाल्या, "अगं, सगळं येतं दारात. माणूस तेवढं येत नाही." मग जरा थांबून, "चहा एका कपाचा करायला मला अजून जमत नाही बघ. दोन कप होतोच. एक तसाच राहतो, मग संध्याकाळी गरम करून घेते."

आता हिशेब मांडून पाहा. ज्या लग्नात तीनशे माणसं जेवली, तिथे जायला आपण कचरलो नाही. पण काकूंच्या ओट्यावर दहा मिनिटं बसायला कचरलो. कारण विचारलं तर उत्तर तयार असायचं: "वयस्कर आहेत, आपल्यामुळे त्यांना काही व्हायला नको." ही काळजी खरी होती, खोटी म्हणणार नाही. पण तिच्या पोटात दुसरीही एक गोष्ट दडलेली होती. लग्नातून आजार आला, तर तो कुणी आणला ते कळत नाही. काकूंना ताप आला आणि आठवड्यात त्यांच्याकडे मी एकटीच गेले असले, तर माझं नाव येतं. गर्दीत दोष कुणाच्याच नावावर पडत नाही; भेटीत तो एकाच्या नावावर पडतो. म्हणून आपण गर्दीला भ्यालो नाही आणि भेटीला भ्यालो. विषाणूचा हिशेब बरोबर याच्या उलटा आहे.

तो हिशेब तोवर पुरेसा उघड झाला होता. २०२० च्या जुलैत जगभरच्या २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं, की हा आजार हवेतूनही पसरतो. बंद खोलीत, जिथे हवा खेळत नाही तिथे धोका जास्त. म्हणजे आपण पिशव्या धूत होतो, पार्सलं दोन दिवस बाल्कनीत टाकत होतो, त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणं अधिक कामाचं. आणि थंडीत आपण पहिली कोणती गोष्ट करतो? खिडक्या लावतो. फटीत फडकी कोंबतो आणि सगळं घर एका खोलीत पांघरूण घेऊन बसतं. थंडीच्या दिवसांत सांभाळायचं असेल तर ते इथे.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिथे २०२१ च्या जानेवारीच्या सुरुवातीपासून पुन्हा कडक टाळेबंदी होती. कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. मुभा एवढीच, की व्यायामासाठी घराबाहेरच्या एका माणसाबरोबर उघड्यावर चालता येई. चार वाजता अंधारायचं, बोटं बधिर व्हायची, वर पावसाची भुरभुर. तरी ती शेजारच्या आजीबाईंबरोबर रोज चालत असे. त्या देशाने सगळं बंद करताना एवढी एक गोष्ट मुद्दाम शिल्लक ठेवली. आणि आपल्याकडे? सकाळी नऊ ते दुपारी चार असं ऊन होतं, की त्यात बसायला परदेशी माणसाने पैसे मोजावेत. खडकीत तर रुंद रस्ते, पार, ओटे, अंगणं यांची अजून अगदीच वानवा झालेली नाही. उघड्यावर भेटायचं ठरवलं, तर याहून चांगला ऋतू आणि याहून चांगलं गाव शोधावं लागेल.

हे जमतं, याचा पुरावा आमच्या इमारतीतल्या बायकांनी त्याच जानेवारीत दिला. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी कुणाच्या तरी हॉलमध्ये, पंखा बंद, दारं बंद, वीस-पंचवीस जणी, अत्तराचा आणि गजऱ्यांचा घमघमाट. त्या वर्षी ते खाली पार्किंगमध्ये झालं. गाड्या बाहेर काढल्या, खुर्च्या लांब लांब मांडल्या. हळद आणि कुंकवाच्या चिमुकल्या पुड्या केल्या होत्या. ज्या त्या बाईने पुडी उघडून आपलं आपण लावायचं. आरशाऐवजी मोबाइल. तिळगुळाच्या वड्या कागदात गुंडाळलेल्या, घरी नेऊन खायच्या. वाण काय? शिंपीकाम येणाऱ्या एकीने शिवलेले काळ्या खणाचे मास्क, जरीच्या काठासकट. काठ नाकावर यावा की हनुवटीवर, यावर बराच वेळ खल झाला. मास्कमुळे कुणी नाव घेतलेलं मागच्या रांगेत ऐकू येईना, म्हणून प्रत्येकीला उखाणा दोनदा घ्यावा लागला, आणि दुसऱ्यांदा जास्त हसू आलं. तासाभरात आटोपलं. मागच्या गल्लीतल्या काकू येऊन बसल्या होत्या, कडेच्या उन्हातल्या खुर्चीवर. चहा मात्र नव्हता, त्याची त्यांनी तक्रार केली.

"लस आली की भेटू" असं तेव्हा सगळे म्हणत होते. आधी "लॉकडाऊन उठला की भेटू" होतं, मग "दिवाळीनंतर भेटू" झालं. लस आली होती, हे खरंच. १२ जानेवारीच्या पहाटे पुण्याजवळच्या मांजरीतून कोव्हिशील्डचे ट्रक विमानतळाकडे निघाले, १६ तारखेला देशभर टोचणी सुरू झाली. खडकीला ही गोष्ट अगदीच नवी नाही. प्लेगच्या साथीत लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी मुंबईत १८९७ च्या जानेवारीत स्वतःला लस टोचून घेतली, आणि पुढे ज्या ठिकाणी ती मोठ्या संख्येने टोचली गेली त्यांत आमची खडकी होती. इथल्या तोफखान्याच्या बाजारातल्या लोकांपैकी टोचून घेतलेले किती आणि न घेतलेले किती दगावले, याची वेगवेगळी नोंद ठेवली गेली. टोचून घेतलेल्यांत मरणारे फार कमी निघाले. त्यामुळे लसीबद्दल माझ्या मनात शंका नव्हती; माझी पाळी आली की मी दंड पुढे करणार होते.

पण पाळी यायची होती. आधी दवाखान्यांतले लोक, मग पोलीस आणि सफाई कामगार, मग पन्नाशीपुढचे, आणि पहिल्यानंतर दुसरा डोस. त्यात उन्हाळा येणार होता. खडकीच्या उन्हाळ्यात दुपारी ओट्यावर बसून दाखवा! म्हणजे बाहेर भेटायचे दिवस नेमके तेच होते आणि ते आपण लसीची वाट बघण्यात घालवत होतो. साठीच्या माणसाला एक हिवाळा पुढे ढकलता येतो. ऐंशीच्या माणसाला "पुढच्या वर्षी" म्हणणं आपल्या हातात नसतं.

म्हणून तेव्हा माझी एक विनंती होती. हळदीकुंकवाचे दिवस रथसप्तमीपर्यंत, म्हणजे १९ फेब्रुवारीपर्यंत होते; जवळजवळ चार आठवडे हातात होते. तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्यावर, एकटं राहणारं कुणीतरी असेलच. आधी फोन करा. तुम्हाला जरा जरी कसकस वाटत असेल, तर जाऊ नका. जायचं ते उन्हाच्या वेळी. घरात शिरायचं नाही, खुर्ची ओट्यावर किंवा अंगणात मागायची, मास्क नाकावर ठेवायचा आणि अर्धा तास बोलायचं. चहा घ्यायचाच असेल, तर दोन खुर्च्यांत चांगलं अंतर ठेवून घ्या. आणि या महिन्यात एखाद्या लग्नाचं आमंत्रण आलं, तर आहेर पाठवा, फोनवर आशीर्वाद द्या, जाऊ नका. ती वाचलेली दुपार या एका घरासाठी ठेवा.