खुनी आधीच कळला म्हणून काय बिघडले?



खुनी सुरुवातीलाच कळला तर रहस्यकथेत उरते काय, असा सवाल गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ‘जाने जान’ (२०२३) पाहून केला आहे. मला तो मुळीच पटला नाही. सुजॉय घोष यांचा हा चित्रपट केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ या २००५च्या जपानी कादंबरीवर बेतला आहे. तिथेही खून वाचकाच्या डोळ्यांदेखतच होतो. तरीही तिला नाओकी पुरस्कार मिळाला. जपान आणि कोरियात तिच्यावर चित्रपट निघाले.

खुन्याच्या शेजारी राहणाऱ्या गणित शिक्षकाने पोलिसांपुढे नेमके काय मांडून ठेवले, हे कादंबरीतले खरे कोडे. हा शिक्षक परीक्षेत दिसायला भूमितीचा, पण प्रत्यक्षात बीजगणिताचा प्रश्न घालतो. बोलण्याच्या ओघात आलेल्या या उल्लेखातच सगळी किल्ली आहे आणि वाचक बेसावधपणे पुढे जातो!

चित्रपटात कालिंपाँग देखणे आहे, शिक्षकाच्या भूमिकेतील जयदीप अहलावत तर अप्रतिमच. गणिती काटेकोरपणा मात्र पातळ झाला आहे. दोष द्यायचाच तर तिथे द्यावा. पत्रलेखकांनी मूळ कादंबरी जरूर वाचावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा