चंद्रावरून दिसणारी भिंत

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे नवल मित्रामित्रांत आजही मोठ्या हौसेने सांगितले जाते. रॉबर्ट रिप्ले यांच्या चित्रसदरात ते १९३२ साली छापले गेले. मानव चंद्रावर उतरला १९६९ साली! मग पाहिले कोणी? काही मीटर रुंदीची भिंत ३,८४,००० किलोमीटरांवरून दिसावी तरी कशी? २००३ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलेल्या यांग लिवेई या चिनी अंतराळवीरानेही ती दिसली नसल्याचे सांगितले.

ही निरुपद्रवी गंमत आहे, असे कोणी म्हणतील. आम्हांला ते मान्य नाही. मित्राचा शब्द आपण पारखून घेत नाही. म्हणूनच तो पारखून देणे हे मित्राचे कर्तव्य ठरते. आज भिंतीविषयी न विचारणारी जीभ उद्या शेजाऱ्याच्या अब्रूविषयी तरी कोठे विचारणार?