गुगलने नेलं म्हणे!

गाडी पाण्यात गेली, कच्च्या रस्त्यात रुतली, घाटात अडकली की दुसऱ्या दिवशीचं शीर्षक ठरलेलं असतं : 'गुगल मॅपने दाखवला चुकीचा रस्ता'. आम्हा पत्रकारांनाही ते सोपं पडतं. गुगल काही तालुक्याला खुलासा पाठवत नाही की जाहिरात बंद करत नाही. खाली चार जण 'लोकांना अक्कलच नाही' लिहितात, विषय संपतो. तो तिथेच संपणं कुणाच्या तरी फार सोयीचं आहे, म्हणून आज लिहितोय.

जानेवारी २०२१. पुण्याहून कळसूबाईला निघालेली गाडी रात्री अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. देशभर बातमी फिरली ती मॅपच्या नावाने. पण तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे पंचक्रोशीतल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. बाहेरच्याला सांगणारा फलक मात्र तिथे नव्हता. गुगलला माहीत नव्हतं, ठीक आहे. ज्यांना माहीत होतं त्यांचं काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तेच. रामगंगेवरच्या पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेलेला, गाडी थेट खाली, तीन जण ठार. तिथे निदान बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा तरी दाखल झाला. अर्धवट पुलाच्या तोंडाशी एक भक्कम अडथळा असता तर मॅपने काहीही सांगितलं असतं तरी गाडी थांबलीच असती ना?

आता काही मंडळी म्हणतील, कागदी नकाशेच बरे होते. मला त्या आठवणींचे उमाळे येत नाहीत. स्टँडवर मिळणारा तो महाराष्ट्राचा नकाशा घड्यांवर फाटायचा, निम्मी गावं त्यात नसायची आणि पूल बुडालाय हे त्यालाही कळत नव्हतं. पण तो अपुरा आहे हे आपल्याला ठाऊक होतं! म्हणून माणूस मैलाचे दगड बघायचा. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता. फाट्यावरच्या टपरीला थांबून विचारायचा, पुढं रस्ता हाय का? टपरीवाला चहा गाळता गाळता सांगायचा, "हाय, पण ओढ्याला पाणी असंल तर माघारी फिरा." ही माहिती जगातल्या कुठल्याही उपग्रहाकडे नाही.

मोबाईलवर रस्ता निळा-लाल दिसतो तो त्या रस्त्यावरच्या इतर मोबाईलच्या हालचालीवरून. रात्री अकराला जिथे एकही गाडी नाही, तो रस्ता मोकळा आहे की बुडालाय हे त्या यंत्राने ओळखायचं कशावरून?

आणि याच सवयीचा फायदा आमच्याकडे घेतला जातोय. घाटाच्या फाट्यावरचा दिशाफलक वादळात पडला, दोन वर्षं गटारात पडून आहे. संबंधित कार्यालयात विचारलं तर उत्तर काय, तर आता बोर्ड वाचतंय कोण, सगळे मोबाईल बघून जातात. वा रे वा! उद्या म्हणाल, डॉक्टरला कोण विचारतंय, दवाखाना बंद करा. पूर्वी फलक नसला की चार वाहनवाले भांडायला यायचे. आता कुणाला त्याची उणीवच भासत नाही, म्हणून तक्रार नाही, म्हणून फलक नाही.

घाटबंदीचंही तसंच. पावसाळ्यात वरंध घाटाबाबत जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, त्याची पीडीएफ ग्रुपवर येते, आम्ही बातमी करतो. ती वाचतो भोरचा नाहीतर महाडचा माणूस, जो त्या दिवशी तसंही घरीच बसणार असतो. पुण्याहून लेकराबाळांना घेऊन रायगडला निघालेल्याला ती कोण दाखवणार? तो घाटाच्या तोंडाशी येऊन अडकल्यावर कळून उपयोग नाही. कापूरहोळ फाट्यावर कळलं तर वाई-महाबळेश्वर-पोलादपूरचा विचार तरी करता येतो. आदेश काढणाऱ्यांनी तो मॅपवाल्या कंपन्यांनाही त्याच दिवशी कळवायला काय हरकत आहे? रस्ता बंद असल्याची नोंद मॅपवर करता येते, साधा वापरकर्ताही करू शकतो. एका कारकुनाचं पाच मिनिटांचं काम.

मोबाईल वापराच. मीही वापरतो. निघण्याआधी मात्र तोच नकाशा मोठा करून बघा : वाटेत नदी किती, घाट कुठला, शेवटचं मोठं गाव कोणतं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, घाटात रेंज मिळत नाही. आणि आडरस्त्याला लागण्याआधी काच खाली करून एका माणसाला विचारा.

बाकी काम आपण करू. तालुक्यात जिथे फाट्यावर फलक नाही, पडलाय, गंजलाय किंवा त्यावर कुणा भावी आमदाराच्या वाढदिवसाचं फ्लेक्स चढलंय, त्याचा फोटो गावाच्या नावासह मला पाठवा. मे संपायच्या आत सगळे एकत्र करून लेखी निवेदन देणार आहे, पोच घेऊन. पोचेचा फोटो इथेच टाकतो.