पीक कोणाचे, परवाना कोणाला?



जालना जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, मग पर्यटनाच्या परवान्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. उद्यान नसले तरी रोही आणि रानडुकरे आहेत. ज्वारी हुरड्यावर आली की रात्र मचाणावर जाते. रोही मारायला परवाना, उद्यानात जनावर दाखवायला परवाना. आपल्या पिकावर पोसायला मात्र काहीच लागत नाही!

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आज तिथे जिप्सीची नोंद, गाइड, गाड्यांची संख्या सारे वनखात्याच्या हाती आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन जुलै ते ऑक्टोबर थांबवले, मग नियम घालून सुरू केले. मर्यादा आम्हाला मान्य आहे. जंगल मेले तर धंदाही मरतो.

पण मर्यादा आली की परवान्याला भाव येतो आणि तो वशिल्याकडे धावतो. आपण हे भोगले आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा. कापसाची एकाधिकार खरेदीही त्याच सालची. कापूस आपला, पण राज्याबाहेर विकायची बंदी होती.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ज्या गावाच्या पिकात जनावर चरते, त्या गावाचा परवान्यावर पहिला हक्क. परवानाधारकांची यादी आणि शुल्क ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. नुकसान सोसणारा मालक, पंचनाम्याची वाट पाहणारा याचक नव्हे. जिल्हा बैठकीत हाच ठराव मांडू या.