मनाचे दुखणे दवाखान्याच्या दारातच ओळखा!



झोप नाही, छाती धडधडते, पाठ धरते, अशी तक्रार घेऊन गाझियाबादसारख्या जंक्शनवरचा पॉइंट्समन रेल्वेच्या हेल्थ युनिटमध्ये जातो, पोस्टातला सॉर्टर सीजीएचएसमध्ये. गोळ्या मिळतात. दुखणे मनाचे असेल, तर फार तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी. पुढे ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शिक्का आणि मेडिकल कॅटेगरी जाण्याची भीती. कामगार चिठ्ठी खिशात घालतो आणि ड्युटीवर चढतो. लपवलेला आजार गाडीला अधिक धोक्याचा, हे प्रशासनाला कळत नाही काय?

उपाय नाही, असे कोणी म्हणू नये. गोव्यात ‘मानस’ प्रयोगात दवाखान्यातला नेहमीचा डॉक्टर, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक आणि ठरावीक भेटीला येणारा मनोविकारतज्ज्ञ यांनी एक तुकडी म्हणून काम केले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ६६ सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. आरोग्यसेवा खासगी हातांत देऊ पाहणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत.

कायदाही आमच्याच बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ सांगते की, ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत प्रत्येक पातळीवर मिसळा. कलम २३ गुप्ततेचा हक्क देते. २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे; अडचणीत तो जरूर लावा. पण फोन ठेवल्यावर पाठपुरावा कोण करणार?

म्हणून आमच्या मागण्या :

१. हेल्थ युनिट आणि सीजीएचएस केंद्रांत डॉक्टर, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांची कायम तुकडी नेमा. कंत्राटी सोंग नको.

२. समुपदेशक कामगाराची भाषा बोलणारा हवा. घरापासून दूर बदलीवर गेलेला मराठी माणूस मनातले मराठीतच बोलणार.

३. उपचाराची नोंद वरिष्ठांच्या टेबलावर जाता कामा नये. कॅटेगरी गेलीच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार नोकरी व वेतनश्रेणी राखा.

४. ग्रामीण डाकसेवकांनाही हीच सेवा द्या.

सुरुवात गाझियाबादपासून करा. तिथे जंक्शन आहे, विद्युत लोको शेड आहे, सीजीएचएसही आहे. शाखांनी हा विषय पुढच्या पीएनएम आणि जेसीएमच्या अजेंड्यावर घ्यावा. मागितल्याशिवाय आजवर काय मिळाले आहे?