गोदोची वाट आणि आमची वेलांटी

दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, यंत्राची गोष्ट काढणे हा थोडा अरसिकपणाच आहे, हे आधीच कबूल करतो. परंतु ज्या भांडणाने माझी दोन वर्षांची झोप घालवली ते वरवर यंत्राचे असले, तरी मुळात आपल्या अक्षरांचे आहे. आणि अक्षरांचे भांडण दिवाळी अंकात नाही मांडायचे तर कोठे मांडायचे?

मी मानोऱ्याला बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब लिहितो. रात्री जेवणे आटोपली की संगणकावर मुलांसाठी खेळ रचतो. त्यात पैसा नाही, आणि त्याची मला खंतही नाही. कोणी पेटी वाजवतो, कोणी पत्ते कुटतो, मी खेळ करतो. सध्याच्या माझ्या खेळात एक मुलगी बंडी हाकीत मानोऱ्याहून पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला निघते. वाटेत अक्षरे वेचते, त्यांचे शब्द जुळवते, आणि शब्द बरोबर जुळला की नाला ओलांडता येतो. एवढाच खेळ.

असा खेळ रचायला एक साधन लागते, त्याला इंजिन म्हणतात. नाटक कंपनीच्या सामानासारखे ते असते: पडदे, दिवे, रंगमंच सारे तयार, आपण फक्त नाटक लिहायचे. माझ्या इंजिनाचे नाव गोदो. अर्जेंटिनातील दोघांनी ते तयार केले आणि 2014 साली जगाला फुकट खुले केले. नाव सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून घेतलेले, ज्यात दोघे गोदोची वाट पाहत बसतात आणि तो काही येत नाही. इंजिनात नवनव्या सोयी घालण्याची हौस कधीच पुरी व्हायची नाही, हे त्या कर्त्यांनीच नावातून सांगून ठेवले. स्वतःच्या मालाविषयी इतके खरे बोलणारे दुकानदार मी बियाण्यांच्या धंद्यात तरी पाहिलेले नाहीत.

मी खेळ सुरू केला तो तिसऱ्या आवृत्तीत. 1 मार्च 2023 रोजी चौथी निघाली. आवृत्ती बदलणे म्हणजे केवळ एक बटण दाबणे नव्हे. मांडव घातलेला, पाहुणे यायला लागलेले, अशा वेळी घर बदलण्यासारखे ते आहे. ‘किनेमॅटिक बॉडी’ची ‘कॅरेक्टर बॉडी’ झाली. ‘यील्ड’ गेले, ‘अवेट’ आले. जिला पूर्वी प्रत्येक वेळी वेग हाती द्यावा लागे त्या सरकण्याच्या आज्ञेला आता तो पात्राच्या अंगीच लागतो. नावे बदलून देणारे एक साधन इंजिनाबरोबर मिळते खरे, पण बाकीची ओळ न् ओळ हाताने तपासावी लागते.

तेव्हा शहाणे लोक सांगतात, की अर्ध्यावर इंजिन बदलू नये. हाती आहे त्यात खेळ पुरा करावा. हा सल्ला सोळा आणे खरा आहे. जे हौशी लोक दर नव्या आवृत्तीमागे धावतात त्यांचे खेळ जन्मभर पहिल्याच टप्प्यात राहतात. नवी उजेडछाया, नवे धुके, पाण्यातली नवी चमक, हे सारे पाहून मी कधीही घर बदलले नसते. सक्तीही नव्हती. तिसरी आवृत्ती टाकून दिलेली नाही. 2024 च्या सप्टेंबरात तिची 3.6 निघाली. भाड्याच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. युनिटीने 2023 च्या सप्टेंबरात, ठरावीक मर्यादेपलीकडे खेळ जितक्यांदा बसवला जाईल त्या हिशेबाने शुल्क घेण्याचे जाहीर केले. जगभर ओरड झाली आणि वर्षाने ते रद्द करावे लागले. आमच्या गोदोत असे मालकाचे पत्र येत नाही.

मग माझे अडले कोठे? वेलांटीपाशी.

खेळाचा पहिला टप्पा झाला तेव्हा चौथीतल्या पुतणीला जवळ बसवले. पडद्यावर ‘दिवाळी’ शब्द आला. तिने तो पाहिला, मान तिरपी केली, आणि म्हणाली, “काका, हे असं काऊन लिहिलं?” पाहतो तो ऱ्हस्व वेलांटी ‘द’ला सोडून शेजारच्या ‘व’ला जाऊन चिकटलेली! खाली ‘रस्ता’ होता. त्यातला ‘स’ पाय मोडून ‘त’पासून वेगळा उभा. मला वाटले, माझेच काही चुकले. चूक माझी नव्हती. तिसऱ्या आवृत्तीला अक्षरे एकामागून एक ठेवता येतात, इंग्रजीसारखी. आपली वेलांटी लिहिताना आधी येते आणि उच्चारताना मागून, दोन व्यंजने भेटली की तिसराच आकार धरतात, हे तिच्या गावीच नाही.

हे मी एका अभियंता गृहस्थांना सांगितले. ते हसून म्हणाले, “मग इंग्रजीत करा ना! हल्लीची मुले इंग्रजी शाळेतच जातात.” दुसरे म्हणाले, “जोडाक्षरे आणि वेलांट्या टाळून शब्द निवडा.” वाचकहो, हे करून पाहा. वेलांटी टाळायची तर ‘दिवा’ गेला, ‘चिमणी’ गेली, ‘विहीर’ गेली. जोडाक्षर टाळायचे तर ‘गोष्ट’ही गेली. चूक यंत्राची आणि हद्दपारी आमच्या शब्दांची!

हा सल्ला नवा नाही. 1953 साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली, तिने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे सुचवले. लोकांना ते रुचले नाही आणि पुढे ते मागे घेतले गेले. याउलट मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले, की छापखान्यानेच लिपीपुढे मान लववली. यंत्राने शिकायचे की अक्षराने वाकायचे, हा वाद तेव्हाचाच आहे.

मी प्रथम पळवाट काढली: प्रत्येक शब्दाचे चित्र करून चिकटवले. सव्वातीनशे चित्रे झाली. एक मात्रा चुकली की नवे चित्र. आणि मुलीने वेचलेल्या सुट्या अक्षरांचा शब्द जुळवणार कसा? खेळाचा प्राणच तो. चित्रे जुळत नाहीत, अक्षरे जुळतात.

चौथ्या आवृत्तीत हर्फबझ नावाचे साधन आले आहे. हर्फ म्हणजे अक्षर. नाव फार्सीवरून घेतलेले. ते वेलांटी जागेवर नेते, ‘स’ आणि ‘त’ची सोयरीक जुळवते. एका रविवारी दुपारी मी नव्या आवृत्तीत एकच शब्द लिहून पाहिला: ‘दिवाळी’. तो जसा लिहितात तसा आला. त्याच रात्री मी घर बदलायला घेतले.

याची किंमत आहे, आणि ती लपवणे हा खोटेपणा होईल. नव्या आवृत्तीचा हलक्यात हलका मार्गसुद्धा संगणकावर ओपनजीएल 3.3 मागतो. जवळच्या एका शाळेत जुने संगणक आहेत, त्यांच्यावर माझा जुना खेळ, मोडक्या वेलांट्यांसकट का होईना, चालत होता. नवा चालत नाही. काळा पडदा येतो. तिथल्या मुलांना मी काय सांगावे? तुमची भाषा नीट दिसावी म्हणून तुमच्यापुरता खेळच बंद केला, असे? नव्याचे भाट या मुलांचे नावही काढत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांची प्रत मी ठेवली आहे. ती अपुरी आहे, हे ठाऊक असून ठेवली आहे. माझा जुना कबड्डीचा खेळ मात्र तिसऱ्या आवृत्तीतच राहील. त्यात आकड्यांशिवाय लिहिण्यासारखे काही नाही.

पुतणी आता पाचवीत गेली. नवीन पहिला टप्पा तिने अडखळल्यावाचून वाचला, आणि लगेच विचारले की दुसरा कधी. दुसरा तयार आहे. तिसऱ्यात बंडी अजून नाल्याच्या भिंतीतून आरपार जाते. तेवढे भाऊबीजेच्या आत दुरुस्त करायचे आहे.