मागल्या दारचे ओझे

आज ४ मार्च. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली याच दिवशी झाली, आणि त्या घटनेच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळण्यात येतो. आज कारखान्यांच्या दारांवर सुरक्षिततेचे ध्वज फडकतील, कामगारांच्या छातीवर बिल्ले लागतील, अधिकारी शपथ सांगतील आणि शेकडो कंठ ती त्यांच्यामागून म्हणतील. या समारंभाची थट्टा करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. वर्षातून एक दिवस का होईना, माणसाच्या हातापायांची किंमत जाहीरपणे उच्चारली जाते, हेही काही थोडे नव्हे. परंतु या शहरात एक जागा अशी आहे की जेथे बहुधा ध्वज नसतो, बिल्ला नसतो आणि शपथ सांगणारा अधिकारीही नसतो. ती जागा आमच्या वाचकांच्या घरापासून चार पावलांवर आहे. आठवड्यातून एकदा तरी ते तेथे जातात. मात्र जातात ते पुढल्या दाराने. आज आम्हांला मागल्या दाराविषयी लिहावयाचे आहे.

सुपरमार्केट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानाचे पुढले दार आपोआप उघडते. आत थंड हवा असते, फरशी आरशासारखी लखलखत असते, आणि एखाद्या बाटलीतून चार थेंब तेल सांडले तर तेथे पिवळी पाटी ठेवून गिऱ्हाइकाचा पाय घसरणार नाही याची काळजी घेतली जाते. त्याच इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत पहाटे पाच वाजता उभे राहून पाहावे. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी शहरात मज्जाव असल्यामुळे माल येतो तो रात्री किंवा पहाटे. अर्धवट उजेडात एक टेम्पो माल उतरवीत असतो, दुसरा पाठमोरा आत शिरत असतो, तिसऱ्याचा चालक कर्णा वाजवून घाई करीत असतो. मालधक्का असलाच तर ट्रकच्या पाठीशी त्याची उंची जुळत नाही, आणि मधल्या फटीवर एक फळी टाकून काम भागवले जाते. पुष्कळ ठिकाणी तर धक्काच नाही. निवासी इमारतीच्या तळमजल्यावर थाटलेल्या दुकानाला धक्का कोठून येणार? तेथे रस्ता हाच धक्का, आणि पदपथ हीच वखार. पिठाची पोती, तेलाचे डबे, शीतपेयांची खोकी आणि दुधाचे क्रेट घेऊन जी माणसे ये-जा करतात त्यांच्या पायांत रबरी चपला असतात आणि डोक्यावर फार तर एक चुंबळ असते.

अशा जागी अपघात होतो तेव्हा त्याला दैव म्हणण्याची आपली रीत आहे. वस्तुतः त्यात दैवाचा भाग फारच थोडा असतो. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला आपल्या पाठीमागचा बराचसा भाग दिसतच नाही. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस उभा असेल तर तो सापडणार, हे गणिताइतके स्वच्छ आहे. माल उतरून झाला असे समजून चालक गाडी पुढे काढतो, आणि त्याच क्षणी फळीवर पाय ठेवलेला माणूस फटीत कोसळतो. सामानाने भरलेली, चार चाकांची, जाळीची उंच गाडी उतारावर हातातून सुटली तर ती थोपवू पाहणाऱ्याचेच पाय प्रथम मोडतात. याखेरीज एक अपघात असा असतो की ज्याचा आवाज होत नाही. वाकून, कंबर पिळून, हात लांब करून पेटी उचलणाऱ्याच्या कण्यावर पेटीच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. वजन शरीरापासून जितके दूर, तितका कण्यावरचा भार अधिक. शाळेत शिकवला जाणारा तरफेचा नियम येथे हाडामासाला लागू होतो. हा माणूस एका दिवशी पडत नाही. तो चाळिशीतच वाकतो, आणि मग कामावर येईनासा होतो. त्याची नोंद कोणत्याही अपघातवहीत सापडत नाही.

किती वजन उचलावे याचा विचार जगाने केलेला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली जिनीव्हा येथे याविषयी करार संमत केला, आणि त्याला जोडलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सांगितली. पुढे शरीरशास्त्राचे ज्ञान वाढले. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही, २३ किलो हे मूळ प्रमाण धरले. पेटी दूर असेल, खाली असेल, पिळून उचलावी लागत असेल किंवा वारंवार उचलावी लागत असेल, तर ते आणखी खाली आणावे असे ठरवले. आमच्या बाजारपेठांत क्विंटलभराचे पोते पाठीवर घेण्याची रीत होती. ती मोडून पन्नास किलोंचे पोते रूढ झाले, ते हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे झगडून मिळवले. पण पन्नास म्हणजे अजून तेविसाच्या दुपटीहून अधिकच आहेत.

या ठिकाणी आम्हांला एका गोष्टीची आठवण होते. शाळकरी मुलांच्या दप्तराचे ओझे हा प्रश्न काही वर्षांपूर्वी या राज्यात फार गाजला. पालक अस्वस्थ झाले, वृत्तपत्रांनी लिहिले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१५ साली शासनाने निर्णय काढून दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये असे ठरवले. ते योग्यच झाले. ज्याने वर्गात उभे राहून त्या वाकलेल्या पाठी पाहिल्या आहेत त्याला त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु प्रश्न असा की, मुलाच्या पाठीसाठी ज्या मध्यमवर्गाने वजनकाटा मागितला, त्याला त्याच मुलाच्या बिस्किटांची खोकी वाहणाऱ्या पाठीची आठवण का होऊ नये? ती पाठदेखील कधी काळी शाळेतच होती. आणि बहुधा वेळेआधी शाळेतून बाहेर पडली म्हणूनच ती आज या गल्लीत आहे.

महाराष्ट्राला या विषयात लाज वाटण्यासारखा इतिहास नाही; अभिमान वाटावा असाच आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथ्यावर ओझे वाहणाऱ्या विखुरलेल्या माणसांना एकत्र केले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. या चळवळींच्या रेट्यातून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. ज्याला ठराविक मालक नाही अशा माणसाचे नाव मंडळाच्या पटावर लागावे, त्याची मजुरी मंडळामार्फत मिळावी, मजुरीवर मालकाने लेव्ही भरावी आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची तरतूद व्हावी, ही कल्पना त्या काळी अपूर्व होती. पण त्या लढ्याचा मुख्य रोख मजुरीवर व म्हातारपणावर होता. पाठ मोडल्यावर काय द्यावे याचा विचार झाला. पाठ मोडूच नये यासाठी काय करावे, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. शिवाय जुनी पेठ बदलली. मशीद बंदरचा व्यापार नव्या मुंबईत गेला, गोदामे महामार्गांच्या कडेला गेली, आणि किराणा दुकानाच्या जागी शेकडो शाखांचे दुकान आले. मंडळाचा पट आहे तेथेच राहिला आणि काम मात्र ठेकेदाराच्या वहीत सरकले.

आजच्या रोगाचे मूळ आमच्या मते येथेच आहे. मागल्या दाराशी पाच माणसे काम करीत असतील तर त्यांचे पाच मालक निघतात. चालक वाहतूकदाराचा, त्याचा क्लीनर चालकाचा, माल उतरवणारा ठेकेदाराचा, माल मोजून घेणारा दुकानाचा, आणि पहारेकरी आणखी कोणा कंपनीचा. जागा घरमालकाची, ती वेगळीच. सर्व काही सुरळीत असेपर्यंत प्रत्येक जण हुकूम सोडतो. कोणी गाडीखाली सापडला की तो आमचा नव्हे असे सांगण्याची अहमहमिका लागते. बहुतांचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. येथे बहुतांचा नोकर लंगडा होतो.

कायद्याने तरी ही कोंडी फोडावी. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे तिने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या दुकानालाही हा दंडक लागू व्हावा, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. पण त्याच संहितेत, संस्थेच्या गाभ्याचे काम कोणते हे सांगताना, साफसफाई, पहारा, उपाहारगृह यांच्या रांगेत मालाची चढ-उतारही बसवली आहे. संस्था खास त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर हे काम गाभ्याबाहेरचे, म्हणजेच ठेकेदाराकडे देता येण्याजोगे. ज्या दुकानात सकाळी माल उतरला नाही तर दुपारी विकावयास काही उरणार नाही, त्याच्या दृष्टीने मालाची चढ-उतार गाभ्याबाहेरची कशी, हे आमच्या अल्पमतीस उमगत नाही. ठेकेदाराच्या माणसाची नुकसानभरपाई मूळ मालकाकडून मागता यावी, हे तत्त्व तर १९२३ च्या कायद्यानेही मान्य केले होते. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला जे पटले, ते आज आपणांस अवघड वाटू नये.

दुकानदारांची बाजू आम्ही ऐकली नाही असे कोणी समजू नये. माथाडींच्या नावाखाली, काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्या काही भागांत उभ्या राहिल्या, ही उद्योजकांची तक्रार जुनी आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. अशा खंडणीखोरांचा बंदोबस्त सरकारने अवश्य करावा. त्यांनी सर्वांत मोठा घात केला आहे तो खऱ्या हमालाचाच. परंतु चोर आला म्हणून घरधन्याला घराबाहेर काढणे हा काही न्याय नव्हे. दुसरी तक्रार खर्चाची. तिचे उत्तर देणे सोपे आहे, कारण जे करावयाचे आहे त्यातले बरेचसे फुकट आहे.

गाडी धक्क्याला लागली की तिची किल्ली धक्क्यावरच्या जबाबदार माणसाच्या हाती द्यावी, आणि शेवटचा माणूस गाडीतून उतरल्यावाचून ती परत मिळू नये. यास किती खर्च येतो? चाकाखाली लाकडी ठोकळे लावावेत. फळीच्या जागी कडा असलेला, न घसरणारा लोखंडी पत्रा असावा. गाडी मागे येताना तिच्या वाटेत कोणीही उभे राहू नये, आणि एका ठरलेल्या माणसाच्या इशाऱ्यावाचून ती हलू नये. गाड्यांना वेळा वाटून द्याव्यात, म्हणजे तीन चालक एका दारी भांडणार नाहीत. प्रत्येक खोक्यावर त्याचे वजन ठळक अक्षरांत छापलेले असावे. जड खोके दोघांनी उचलावे किंवा ट्रॉलीवर घालावे. उजेड, पिण्याचे पाणी, घट्ट बूट, हातमोजे या गोष्टी मागून घ्याव्या लागू नयेत. आणि एक वही ठेवावी, तीत केवळ झालेले अपघात नव्हेत तर थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहिले जावेत. वर्गातला हजेरीपट जसा रोज भरावा लागतो, तशी ती रोज भरली पाहिजे. कारण मोठा अपघात बहुधा पूर्वी दोन-चार वेळा दार ठोठावून गेलेला असतो.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट एकच: जागेचा ताबा ज्याचा, जबाबदारी त्याची. माणूस कोणाच्या पटावर आहे हा प्रश्न लेखनिकांनी मागाहून सोडवावा. धक्क्यावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा जामीन दुकानाचा चालक असला पाहिजे. राज्य शासनाने या तत्त्वाला नियमांत स्पष्ट स्थान द्यावे. महानगरपालिकेने आपल्याकडून एवढेच करावे की, व्यापारी इमारतींत मालाच्या वाहनांसाठी जी जागा विकास नियमांप्रमाणे राखावी लागते, ती नकाशावर आहे तशी जमिनीवरही आहे की नाही हे पाहावे. तेथे मोटारी उभ्या असतील, किंवा एखादे नवे दालन थाटले गेले असेल, तर मालाची गाडी रस्त्यावर का उभी राहते याचा शोध अन्यत्र घेण्याची गरज उरणार नाही.

राहता राहिले गिऱ्हाईक, म्हणजे आपण सारे. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजार सुरू झाला तेव्हा खरेदी करणारा आणि कष्ट करणारा ही दोन माणसे नव्हती. पाठीवरचे पोते आपल्याच शेजाऱ्याच्या पाठीवर आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. आज ते शेजारपण तुटले आहे. काही मिनिटांत घरी येणारा भाजीपाला किती हातांनी, किती घाईने आणि कोणत्या अंधारात उतरवला हे आपणांस दिसत नाही, आणि न दिसणे सोयीचेही असते. वस्तूची तारीख आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, किमतीतल्या दोन रुपयांसाठी व्यवस्थापकाला बोलावतो. तर मग एकदा त्याच व्यवस्थापकाला हेही विचारावे, की तुमच्या मागल्या दाराशी गाडीची किल्ली कोणाकडे असते? दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो चपापेल. शंभरांनी विचारले तर ठोकळे आणि बूट आठवड्याच्या आत येतील.

सुरक्षा दिनाची शपथ आज सर्वत्र उच्चारली जाईल. उद्या पहाटे पाच वाजता ती मागच्या गल्लीत पोहोचली, तरच तिचा काही उपयोग.